कंबर अडतीस

मास्तरांना जाऊन सात महिने झाले, आणि कालपर्यंत मला रडू आलं नव्हतं. लेक फोनवर म्हणायची, आई, मोकळी हो. मोकळी म्हणजे नेमकं काय करू ते सांग म्हटलं, करते. सकाळी उठायची, खाली येऊन दुकानाचं शटर वर करायची, यंत्रावरचं फडकं काढायची, कात्री पुसायची. दुपारी जेवायची. जेवण गोड लागायचं नाही आणि कडूही लागायचं नाही. शेजारचा घड्याळवाला रोज विचारायचा, काकू, कशा आहात? मी म्हणायची, ठीक. आणि गंमत म्हणजे ते खरं असायचं. कुठे काही दुखतच नव्हतं. दाढ काढायच्या आधी हिरडीत सुई टोचतात ना, तसं सगळं अंग झालं होतं.

एक गोष्ट मात्र मी टाळत होते. जुनी मापाची वही. नव्या कामांसाठी मी नवी वही केली आणि जुनी टेबलाच्या खालच्या खणात सारली. तिच्या शेवटच्या पानावर मास्तरांचं स्वतःचं माप आहे, दर महिन्याचं. त्या पानावर माझी चूक माझ्याच अक्षरात लिहिलेली आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं. भीती वाटायची असंही नाही. हातच तिकडे जायचा नाही.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. कापड बेतणाऱ्याला सगळे मास्तरच म्हणतात, आणि जगाचं ऐकून मीही तेच म्हणायला लागले. लग्न होऊन आले तेव्हा मला सुईत दोरा ओवता येत होता, एवढंच. मास्तरांनी काज शिकवलं, बटण लावायला शिकवलं, तुरपाई शिकवली. टेप हातात द्यायला मात्र त्यांनी अकरा वर्षं लावली. मला काजवाली म्हणायचे. "काजवाली, काज चुकलं तर निभावून नेता येतं. माप चुकलं तर कापड गेलं." काज जरा वाकडं झालं तरी दुकान डोक्यावर घ्यायचे, ते वेगळं.

त्यांचे दोन नियम होते. पहिला, अर्धं माप घ्यायचं नाही. गिऱ्हाईक नुसत्या कॉलरसाठी आलं तरी गळा, छाती, कंबर तिन्ही घ्यायचं, रकाना रिकामा सोडायचा नाही. दुसरा, टेप जे सांगेल तेच वहीत जाईल.

या दुसऱ्या नियमाची गोष्ट चौकातले खानावळवाले अजून सांगतात. कोट शिवायला बायकोला घेऊन आले होते. ती म्हणत होती पोट सुटलंय, हे म्हणत होते छे, कुठे! मास्तरांनी कमरेला टेप लावली. खानावळवाल्यांनी डोळ्यांनी खुणा केल्या, चाळीस म्हणा, चाळीस. तर मास्तर मोठ्याने म्हणाले, "तोंडाने हवं तर चाळीस म्हणतो. पण वहीत बेचाळीसच जाणार." बायको हसता हसता स्टुलावर बसली. खानावळवाले महिनाभर समोरच्या फुटपाथवरून जायचे. पण कोट असा काही बसला की शेवटी स्वतःच आमच्यासाठी डबा घेऊन आले.

नऊ वर्षांपूर्वी मास्तरांना स्वतःच्या शर्टाची कॉलर डाव्या बाजूला टोचायला लागली. बोट फिरवून बघितलं तर मानेच्या कडेला दोन गाठी. दुखत नव्हत्या. दाबलं की खोडरबरासारख्या लागायच्या. मोठ्या इस्पितळात तुकडा काढून तपासला, आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, लिम्फोमा आहे. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, गाठींमध्ये घर करणारा. त्या पुढे म्हणाल्या, "पण हा सावकाश वाढणारा आहे. आत्ता काही औषध द्यायचं नाही. घरी जा, तीन महिन्यांनी दाखवायला या."

"कॅन्सर म्हणता आणि घरी जा म्हणता?" मी तिथेच तोंड सोडलं. "मग आम्ही इथे आलो कशाला?"

बाई शांत होत्या. म्हणाल्या, "या पेशी आळशी आहेत. वेळेवर मरत नाहीत, पण वाढायचीही त्यांना घाई नाही. आमची औषधं घाईने वाढणाऱ्यांवर चांगली चालतात. आज दिली तर यांना त्रास होईल, आयुष्य काही वाढणार नाही. असेच कितीतरी जण पंधरा-पंधरा, वीस-वीस वर्षं काढतात. फक्त लक्ष ठेवायचं." मग चष्मा काढून माझ्याकडे बघून म्हणाल्या, "एक मात्र डोक्यात ठेवा. दर वर्षी अशा शंभरातल्या दोघा-तिघांचा आजार स्वभाव बदलतो. त्याच पेशींतली एखादी बिघडते आणि भराभर वाढायला लागते. मग तो आधीचा आजार राहत नाही. थोड्या आठवड्यांत गाठ फुगते, ताप येतो, कपडे भिजतील एवढा घाम येतो, वजन उतरतं. असं काही दिसलं तर तारखेची वाट बघू नका. तेव्हा द्यायला औषध आहे, पण वेळ नसतो."

चार शब्द त्यांनी कागदावर लिहून दिले. गाठ, ताप, घाम, वजन. मास्तरांनी तो कागद यंत्रासमोरच्या भिंतीवर डकवला.

आता गाठ वाढली की नाही हे बघायचं कसं? टेपने. आमच्याकडे दुसरं असणार काय! दर एक तारखेला, शटर उघडायच्या आधी, मास्तर स्टुलावर बसायचे आणि मी गाठींवरून टेप फिरवायची, एक बोट आत ठेवून, कॉलरचं माप घेतात तसंच. ते विचारायचे, "गळा?" मी सांगायची. "चला, उठा," असं स्वतःलाच म्हणून ते उठायचे. मग नियमाप्रमाणे छाती आणि कंबर घेऊन मी तिन्ही आकडे शेवटच्या पानावर लिहायची. छाती-कंबर ना त्यांनी कधी विचारली, ना मी कधी सांगितली.

आठ वर्षांत गळा सव्वापंधराचा साडेपंधरा झाला. पाव इंच! गाठी आमच्या घरातल्याच झाल्या. मास्तर त्यांना भाडेकरू म्हणायचे. भाडं देत नाहीत, पण दंगाही करत नाहीत म्हणे. इस्पितळात गेलं की डॉक्टरीणबाई मान चाचपायच्या, रक्त तपासायच्या, पुढची तारीख द्यायच्या, की बस पकडून आम्ही दुपारपर्यंत कामाला. खरं सांगायचं तर भिंतीवरचा कागद मला दिसेनासा झाला होता. त्याच्यावर मी येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फोन नंबर लिहायला लागले होते.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात बँडवाल्यांचे चोवीस कोट आले. दुहेरी अस्तर, सोनेरी फीत, खांद्यावर झालर, आणि तारीख उरावर. त्याच सुमाराला मास्तरांच्या पँटी कमरेत सैल व्हायला लागल्या. मी काय केलं? शिंपिणीने जे करायचं ते केलं. मागची शिवण आत घेतली. बोलले नाही, विचारलं नाही. माणसं जाड होतात, बारीक होतात, आपण कपडा सोडायचा नाहीतर आवळायचा, आणि बघणाऱ्याला कळता कामा नये. आयुष्यभर हेच केलं. पुढच्या महिन्यात पुन्हा आत घेतली. ती राखाडी पँट तर चार वेळा. शर्टांच्या बाजू आवळल्या. इतक्या बेमालूम आवळल्या, की मास्तर अंगाने झडत होते ते रस्त्यात कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

बनियन पिळून काढावी इतकी भिजायची. म्हटलं, उन्हाळ्यात इस्त्रीपाशी उभा राहणारा माणूस कोरडा कसा राहील? संध्याकाळी अंग कसकसतंय म्हणायचे आणि एक गोळी घ्यायचे. आणि एक तारखेला टेप सांगायची, साडेपंधरा. त्याच्या पुढच्या एक तारखेला, साडेपंधरा.

इस्पितळाची तारीख आली तेव्हा नऊ कोट बाकी होते.

"गळा किती होता परवा?" मास्तरांनी विचारलं. तोंडात टाचण्या होत्या.

"साडेपंधरा."

"मग ढकल पुढे. भाडेकरू कुठे पळून जात नाही."

फोन मीच केला. दीड महिन्यापुढची तारीख मीच मागून घेतली, वर तिथल्या मुलीला थँक्यूही म्हटलं.

तो दीड महिना भरायच्या आत लेक आली. ती दुसऱ्या गावात नोकरीला असते, चार महिन्यांनी दोन दिवस सवड काढून आली होती. सकाळी मास्तर आंघोळ करून टॉवेल गुंडाळून बाहेर आले, आणि ती एकदम ओरडली, "आई! बाबांकडे बघितलंस का तू?"

"रोज बघते."

"नाही बघत. आत्ता बघ."

मी बघितलं. उघड्या अंगाने, माझ्या आवळलेल्या शर्टाशिवाय. फासळ्या मोजता येत होत्या. मानेची उजवी बाजू वाळून दोरी झाली होती, आणि डाव्या बाजूला कानाखालून खांद्यापर्यंत गाठ. घट्ट, कातडी ताणलेली. जाऊन टेप आणली आणि लावली.

साडेपंधरा.

लेकीने टेप माझ्या हातातून हिसकली आणि फेकली. तिचं बरोबरच होतं. मान उतरत गेली होती आणि गाठ चढत गेली होती. दोन्हींची बेरीज तीच यायची. टेप खोटं बोलली नव्हती. मी तिला विचारायचं ते विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी इस्पितळ. एक स्कॅन असतो, त्यात भुकेल्या पेशी चमकतात. मास्तरांची मान चमकत होती, काख चमकत होती, पोटात तर दिवाच लागला होता. जिथे सगळ्यात जास्त चमकलं तिथे सुई घालून तुकडा काढला. चार दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी पुन्हा समोर बसवलं. "बदललाय," म्हणाल्या. मग विचारलं, "वजन कधीपासून उतरतंय?"

मास्तर म्हणाले, "लक्षात नाही आलं हो."

लेक माझ्याकडे बघायला लागली. मी भिंतीकडे बघत होते. त्या क्षणी मला राखाडी पँट आठवली, आणि तिच्या पाठोपाठ वहीतला कमरेचा रकाना. अडतीस. सदतीस. छत्तीस. साडेपस्तीस. चौतीस. मीच लिहिलं होतं, एकाखाली एक, छान अक्षरात. हात लिहीत होता आणि कान फक्त गळ्याचा आकडा ऐकत होते. भिंतीवर कागद लावून आठ वर्षं ज्याची वाट बघितली, तो बदल पहिल्याच महिन्यापासून आमच्या वहीत बसला होता, आणि मी शेजारी साडेपंधरा लिहून वही मिटत होते. माझं अंग जे गार पडलं ते तिथे.

बाहेर पडताना डॉक्टरीणबाईंना बाजूला घेऊन विचारलं, दीड महिना आधी आलो असतो तर? त्या म्हणाल्या, "नक्की सांगता येत नाही. थोडं सोपं गेलं असतं कदाचित. कदाचित हेच झालं असतं." चांगली बाई आहे. पण त्या दिवशी ती सरळ खोटं बोलली असती तर बरं झालं असतं.

मास्तरांना मी काही सांगितलं नाही. काय सांगणार? तुमचा मृत्यू मी इंचाइंचाने लिहून ठेवला होता म्हणून? त्यांनी दोनतीनदा वही मागितली, मी काहीतरी कारण काढून टाळलं.

औषध सुरू झालं. दर तीन आठवड्यांनी दिवसभर सलाइन, त्यात एक लालभडक बाटली. मास्तरांचे केस गेले, तोंड सोललं, पण गाठ विरघळायला लागली. दुसऱ्या वेळेनंतर गळा चौदावर आला. मास्तर म्हणाले, "भाडेकरू सामान बांधतोय बघ." मी हसले. हसायचं असतं हे आठवत होतं.

त्याच दिवसांत एका दुपारी मी औषधं आणायला गेले. परत आले तर मास्तर वर झोपायचं सोडून खाली दुकानात, टेबलाशी. चष्मा लावलेला, समोर उसवायचं ब्लेड, पेन, आणि जुनी वही, मिटलेली.

"कुणी सांगितलं होतं जिना उतरायला?" मी ओरडले. "पडला असता म्हणजे?"

"बँडवाल्यांची मापं नीट लावून ठेवली. पुन्हा येतील ते."

बोटांना शाई लागली होती. हात थरथरत होते, म्हणून मीच ओल्या फडक्याने पुसून दिली. तेव्हा म्हणाले, "काजवाली, ती राखाडी पँट देऊन टाक कुणाला तरी."

"बरे झालात की लागेल."

"देऊन टाक गं. ऐक माझं."

बरं म्हटलं. पण नाही दिली. पुढे तिसऱ्या सलाइननंतर ताप परत आला, गाठ दहा दिवसांत होती तेवढी झाली, औषध बदललं, ते औषधही तिने जुमानलं नाही, आणि या सगळ्या धावपळीत पँट कुणाला तरी द्यायची होती हे राहूनच गेलं. पाचव्या महिन्यात मास्तर गेले. सकाळची वेळ होती. मी खिडकीचा पडदा सारत होते. वळले तर गेले होते.

काल खानावळवाले आले. "वहिनी, दोन शर्ट आणि एक पँट शिवायचीय. माप नको घ्यायला, मास्तरांच्या वहीत आहे माझं."

म्हटलं, बसा. खाली वाकून खण उघडला, वही काढली. त्यांचं पान सापडलं. कंबर बेचाळीस, मास्तरांच्या अक्षरात. वही हातात होतीच. म्हटलं, एकदाचं बघून टाकू. मागचं पान उघडलं.

गळ्याचा रकाना माझाच होता. साडेपंधरा, साडेपंधरा, साडेपंधरा. शेजारी कंबर. अडतीस. अडतीस. अडतीस. अडतीस. अडतीस.

क्षणभर मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. वाटलं, म्हणजे मी चौतीस वगैरे लिहिलंच नव्हतं. इस्पितळात माझं डोकं फिरलं होतं आणि मी उगाच इतके महिने स्वतःला खात बसले होते. या पानावरून कुणालाही काहीही कळलं नसतं. मग तो आठ बघितला. माझ्या आठाला शेपूट नसते. मास्तर आठाची शेपूट लांब ओढायचे, आणि खालच्या चार आठांची लांब होती. लांब आणि थरथरलेली.

पान उजेडात धरलं. त्या चार जागी कागद पातळ झाला होता. शिवण उसवावी तसे माझे आकडे ब्लेडने उसवले होते, कुठेही न फाडता, आणि वर नवे घातले होते.

राखाडी पँट मागच्या खोलीत खुंटीवर होती. उलटी केली. मागच्या शिवणीला, एकीच्या आत एक, धाग्याच्या चार रांगा. टेप लावली. चौतीस.

म्हणजे त्यांना कळलं होतं. एका नजरेत कळलं असणार. कंबर चार इंच उतरते आणि गळा तसाच राहतो, असं माप नसतं, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार होतं? आणि मला एका शब्दाने बोलले नाहीत. वाकड्या काजासाठी दुकान डोक्यावर घेणारा माणूस! तो तसल्या अंगाने जिना उतरला, आणि आपल्यामागे मी कधीतरी हे पान उघडीन म्हणून बसून आकडे खरवडत राहिला. खानावळवाल्यांसाठी दोन इंचांचं खोटं लिहिलं नाही. माझ्यासाठी चार वेळा लिहिलं. म्हणूनच ती पँट देऊन टाक म्हणत होते.

"मास्तर, मी पँट दिली नाही हो," मी मोठ्याने म्हणाले.

"काय म्हणालात?" बाहेरून खानावळवाल्यांनी विचारलं.

"काही नाही. उभे राहा. जुनं माप चालणार नाही, नव्याने घेते."

गळा घेतला, छाती घेतली, कमरेला टेप लावली. डोळे भरून आले होते, आकडा दिसेना. खडूच्या हाताने पुसले आणि पुन्हा बघितलं. चाळीस.

"चाळीस?" खानावळवाले खूश. "बघा, आलं की नाही शेवटी! मास्तर असायला हवे होते आज."

"हे मुद्दाम उतरवलंत, की आपोआप उतरलं?"

त्यांना चेष्टा वाटली. "अहो, बायको पोटभर जेवू देत नाही," म्हणाले आणि हसायला लागले.

मी हसले नाही. "नीट आठवून सांगा," म्हटलं, "कधीपासून?" आणि ते सांगेपर्यंत टेप सोडली नाही.